मागच्या रांगेतल्या अक्कासाठी कॅमेरा

जानेवारी २००८, संक्रांतीनंतरचा सोमवार. ठिकाण: लातूर, आमच्या घराची पुढची खोली. हजर: आई, धाकटा भाऊ, मी. माझे यजमान कामावर, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुली क्लासला. गैरहजर: अक्का, भूकंपापासून.

आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नुकतेच परत आलो होतो. काचबिंदू. उजवा डोळा गेलेलाच होता, ते आईनं आम्हाला सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्याला मधोमध तेवढं दिसत होतं, नळीतून बघावं तसं, आणि ती नळी अरुंद होत जाणार होती. थेंब घालायचे, तपासायला यायचं, गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर सांगत होते आणि मी लिहून घेत होते. मी शाळेत शिकवते. सहली, परीक्षेच्या बैठका, वर्गणी, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात, त्यामुळे कुणी काही सांगायला लागलं की हात आपोआप पेनाकडे जातो.

आई पलंगावर बसली. भाऊ नांदेडला औषधांच्या दुकानात कामाला, आई त्याच्याकडेच असायची. उपचारासाठी तिला माझ्याकडे ठेवायचं ठरलं होतं. तो म्हणाला, "आई, थेंब वेळेवर घातले की राहील नजर. डॉक्टर म्हनले की."

"राहील तवा राहील," आई म्हणाली. "मला काय आता नवीन बघायचं न्हाई. अक्काचं तोंड तेवढं एकदा बघायचं होतं."

भावानं थेंबांची बाटली पिशवीतून काढून खिडकीत ठेवली.

"आवाज येतो तिचा," ती म्हणाली. "चालनं आठवतं. तोंड येत न्हाई डोळ्यापुढं. कामून येत न्हाई की."

अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. तिला औसा तालुक्यातल्या एका गावात दिलं होतं. घर मोठं, भिंती जाडजूड दगडमातीच्या, माळवद. वडील म्हणायचे, पोरीला भक्कम घर मिळालं. वडील भूकंपाच्या आधीच गेले, हे एका अर्थानं बरं झालं. अक्काच्या लग्नाचा अल्बम एकच बनवलेला, तो सासरी गेला आणि घराखालीच राहिला. आमच्याकडे नवरा-नवरीची एक फ्रेम होती. भूकंपाची बातमी आली तसा भाऊ ती भिंतीवरून काढून, टॉवेलात गुंडाळून निघाला. तेव्हा तो कॉलेजात होता. त्या दिवसांत तिथं पाऊस लागला होता. छावणीत, दवाखान्यात, ढिगारे उपसणाऱ्या जवानांना, जो भेटेल त्याला तो टॉवेल सोडून फ्रेम दाखवत फिरला. अक्का कुणाला सापडली, कोणत्या चितेवर गेली, कळलं नाही. फ्रेममध्ये पाणी शिरलं होतं. फोटो काचेला चिकटला. घरी आणून सोडवायला गेलो तर कागद एका बाजूला आला आणि रंग काचेवर राहिला. त्यानंतर आमच्या भिंतीवर वडिलांचा फोटो आणि त्याच्या शेजारी मोकळी भिंत.

त्यामुळे आई जे मागत होती ते आमच्याकडे नव्हतं. हे तिलाही माहीत होतं. म्हणूनच ती "बघायचं होतं" असं म्हणाली.

फेब्रुवारीत एका लग्नात भावाला देगलूरचा मामेभाऊ भेटला. बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या जावळाचा एक फोटो घरी आहे, त्यात मागच्या रांगेत अक्का आहे. लग्नाआधीची. भावानं तिथूनच मला फोन केला. मी लगेच मामीला लावला आणि म्हटलं, फोटो पाठवून द्या, इथं मोठा करून घेते, आठ दिवसांत परत आणून देते.

"फोटू घराबाहेर जानार न्हाई," मामी म्हणाली.

"मामी, मी स्वतः येते न्यायला."

"तू ये, जेव, राहा. फोटू जानार न्हाई. ह्यांचा तेवढाच धड फोटू मागं ऱ्हायलाय त्यात. तुह्या भावानं नेलता की एक, काय झालं त्याचं?"

भावाला मी हे शेवटचं वाक्य सांगितलं नाही. पण मामीनं ते आधी त्यालाही ऐकवलं असणार, कारण तो म्हणाला, "आपनच कॅमेरा घेऊन जाऊ. तिथंच काढू."

असा आमच्या घरात डिजिटल कॅमेऱ्याचा विषय निघाला.

रोलचा कॅमेरा माझ्याकडे होता. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेला. आमच्याकडे त्या काळात फोटो काढून ठेवायची घाईच झाली होती, बारशाला, वास्तूला, उगाच शेतातसुद्धा. मी शाळेच्या सहलींचे काढायची. इस्लापूरजवळ सहस्रकुंडला गेलो होतो तेव्हाचा पूर्ण रोल माझ्याकडे आहे, त्यात धबधबा सगळीकडे आहे आणि मुलींची डोकी निम्म्याच फोटोंत. मी हौशी, तीही बेताची. पण त्या कॅमेऱ्यानं हातभर अंतराच्या अलीकडचं सगळं धूसर यायचं. तळहाताएवढ्या फोटोचा फोटो काढणं त्याच्या कामाचं नव्हतं.

मी यादी केली. एक, पेन्सिल सेलवर चालणारा हवा. तेव्हा लातूरला लोडशेडिंगचे तास एवढे होते की चार्जरवर भरवसा ठेवणं म्हणजे वेडेपणा. सेल कुठल्याही टपरीवर मिळतो. दोन, अगदी जवळून फोटो निघायला हवा, त्यासाठी कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असतं ते बघायचं. तीन, फ्लॅश बंद करता यायला हवा, नाहीतर चकचकीत फोटोवर पांढरा डाग पडतो. चार, स्टँडला लावायचा आटा खाली असावा. पाच, मेगापिक्सेल जास्तीत जास्त.

पाचवा मुद्दा मी अधोरेखित केला होता. त्याला कारण आमची गल्ली.

आमचं घर क्लासेसच्या भागात. गल्लीच्या तोंडाशी चौकात बारा महिने गुणवंतांचे फ्लेक्स. भूकंपाच्या वेळी ही जागा माळ होती, नंतर एकेक क्लास आला आणि आम्हीही वरचा मजला चढवून मुली ठेवायला लागलो. आदल्या वर्षी आमच्याकडच्याच एका मुलीचा चांगला नंबर आला होता. क्लासवाल्यांना द्यायला तिनं फॉर्मवरचा उरलेला फोटो माझ्यासमोर पाकिटातून काढला होता, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. आठ दिवसांनी चौकात तिचा चेहरा दाराएवढा. भुवईतला तीळसुद्धा ओळखू येत होता. मी मनाशी हिशेब मांडला: नखाएवढ्या फोटोचं दाराएवढं होतं, तर मागच्या रांगेतल्या अक्काचं फ्रेमएवढं का होणार नाही? पिक्सेल तेवढे पाहिजेत.

भावाचं म्हणणं वेगळं. त्याला झूम हवा होता. "लांबचं जवळ आनतो, ताई. मागच्या रांगेत हाय ना ती? मागची रांग जवळ आनायची."

"रांग कागदावर आहे. मागची आणि पुढची सारख्याच अंतरावर."

"तरी पन," तो म्हणाला. झूम त्यानं सोडला नाही.

लातूरला मी तीन दुकानं पाहिली. प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार. विक्रीवाला मुलगा कॅमेरा माझ्याकडे रोखणार, "मॅडम, स्माईल", आणि मागच्या पडद्यावर माझं तोंड मला दाखवणार. मी पर्समधून शाळेच्या स्टाफचा ग्रुप फोटो काढून काउंटरवर ठेवायची.

"ह्याचा काढून दाखवा."

"फोटोचा फोटो? मॅडम, मानसाचा काढा की. मानसाचा लई भारी येतो."

एका दुकानात फुलाचं चिन्ह कशाला असतं हे मीच समजावून सांगितलं. दुसरीकडे कॅमेरा चांगला होता, पण चपटी बॅटरी. तिसऱ्याकडे सगळं जमत होतं, फक्त तो कॅमेरा दुकानात नव्हता, चित्र होतं.

शेवटी नांदेडला घेतला. जुन्या गावात एक दुकान आहे, दुकानदाराचे वडील घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे, मुलानं पुढं कॅमेरे आणि मोबाइल ठेवले. मुलगा म्हणजे माझ्याच वयाचा. वडील आत खुर्चीवर, कानाला रेडिओ.

"आपा, झूम दोन किसमचा असतो," दुकानदार म्हणाला. "एक काचेचा, एक बनावटीचा. काचेचा खरा. बनावटीचा म्हंजे आहे तेच ताणून दाखवायचं."

भावानं माझ्याकडे बघितलं. त्याला काचेचा झूम मिळाला, बोलणं संपलं.

"आणि मेगापिक्सेल?"

"ते पिठासारखं आहे. जास्त पीठ, जास्त भाकरी. तुम्हाला मोठा फोटो करायचाय ना? मग जास्तीचाच घ्या. चेहरा खुलून येईल, माझी जबाबदारी."

आतून म्हातारबाबा म्हणाले, "अरे, पहले पूछ तो ले, फोटो किसका है."

दुकानदारानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "आपा, आठवाला घ्या. जास्तीत जास्त तेवढाच आहे माझ्याकडे." एवढंच.

मी तिथंही स्टाफचा फोटो ठेवून परीक्षा घेतली. फुलाचं चिन्ह लावून, फ्लॅश बंद करून, उजेडाच्या बाजूला. पडद्यावर मोठं करत नेलं. मुख्याध्यापकांच्या मिशीचे केस मोजता येत होते. मी कॅमेरा घेतला, सेल घेतले, कार्ड घेतलं, यादीवर खुणा केल्या. परीक्षेतच चूक होती, हे तेव्हा कळलं नाही. स्टाफचा फोटो स्टुडिओवाल्यानं स्टँड लावून, सगळ्यांना दम देऊन काढलेला. जे कागदावर स्वच्छ आहे ते स्वच्छच येणार. मी कॅमेरा तपासला, फोटो तपासायचा राहिला.

मार्चमध्ये एका रविवारी भाऊ आणि मी देगलूरला गेलो. मामीनं सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि चहा आला. मामी आधी भावाकडे बघून म्हणाली, "हात धुवून घे रे. तुह्या हातात द्यायचा न्हाई, पन धुवून घे."

"मामी, चौदा वर्षं झाली की."

"फोटूला काय त्याचं."

तो हात धुवायला गेला. मामीनं ट्रंकेतून एका जुन्या चोळीच्या कापडात गुंडाळलेला फोटो काढला. पुढच्या रांगेत खुर्चीवर मामा, मांडीवर जावळ काढलेलं बाळ, म्हणजे मामेभाऊ. बाजूला मामी, डोक्यावर पदर. मागे बायका-पोरी उभ्या. अगदी उजवीकडे, एका टोपीवाल्याच्या खांद्याआड, अक्का. मला शोधावं लागलं नाही. मान जरा कलती, कुणी हाक मारल्यावर वळते तशी. चेहरा तिळाएवढा असेल, पण माझ्या दृष्टीनं ती सगळीच्या सगळी तिथं उभी होती.

भाऊ हात पुसत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हाव. तीच." मग ओसरीवर जाऊन उभा राहिला.

मामीनं टाचण्या लावू दिल्या नाहीत. पाट आणला, त्यावर फोटो, चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या. ओसरीवर सावलीत, पण अंगणातला उजेड परतून येईल अशा जागी. स्टँडवर कॅमेरा उलटा टांगल्यासारखा लावला. मी कार्ड भरत येईपर्यंत फोटो काढले, पूर्ण, अर्धे, फक्त उजवा कोपरा. रोलच्या काळात असं करणं शक्य नव्हतं, प्रत्येक खटक्याला जीव खालीवर व्हायचा. इथं कितीही काढा. मागच्या पडद्यावर मी अक्काला मोठं केलं आणि भावाला दाखवलं. बोटभर पडद्यावर ती छान दिसत होती. डोळे, नाक, ओठांची रेघ. छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

"आली," तो म्हणाला.

मामीही बघायला वाकली. "बाई, येवढंसं यंत्र. ह्यांचा बी एक काढ की. येकट्याचा. पोर न्हाई, पाट न्हाई, नुस्ता तोंडाचा."

मामांचाही काढला.

बसमध्ये परत येताना भाऊ फ्रेमचं बोलत होता. लाकडी घ्यायची की सोनेरी पट्टीची. वडिलांची लाकडी आहे, मग तशीच घ्यावी. त्या संध्याकाळी आम्ही दोघंही आनंदात होतो, हे मी इथं मुद्दाम नोंदवते, कारण पुढं नोंदवण्यासारखं तसं काही नाही.

लातूरला आम्ही दोघांनी ओळखीच्या स्टुडिओवाल्याच्या संगणकावर फोटो उघडायला लावला. तो मोठा करत गेला. टोपी आली, टोपीची शिवण आली. खांदा आला. अक्काच्या जागी एक करडा डाग आला. आणखी मोठा केल्यावर कागदाचे कण आले, अगदी स्वच्छ. कॅमेऱ्यानं त्याचं काम केलं होतं. कागदावर जे होतं ते सगळं त्यानं आणलं होतं.

"ताई, ह्याच्यात चेहराच न्हाई," तो म्हणाला. "फोटो निघतानी मान वळवली ह्यांनी. हलल्यात."

"पण मला दिसते."

"तुम्ही वळखता म्हनून दिसतात."

मी विचारलं, जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तर? फोटोच इथं आणून स्कॅन केला तर? तो दरवेळी नाही म्हणाला. मामांचा फोटो मात्र त्यानं एका झटक्यात मोठा केला. मामा पुढच्या रांगेत, उन्हात, न हलता बसले होते. तो फोटो पुढं फ्रेम करून मामीकडे गेला. तिनं फोन करून सांगितलं, लई झ्याक झालाय, ह्यांनी आत्ता पान मागितलं तर देईन.

अक्काच्या फोटोसाठी स्टुडिओवाल्यानं तेव्हाच एक मार्ग सुचवला. "तुमचा फोटो द्या. डोळे-नाक तुमचं बसवतो, केस आन मान ह्यांची ठेवतो. सख्ख्या बहिनी, लई फरक नसतो. भूकंपानंतर आमच्या वडलांनी असे लई करून दिलेत. लोक हार घालून पुजतात."

भावाला ते पटलं. "आईला दिसून दिसून कितीसं दिसनार हाय, ताई? समाधान व्हईल तिचं."

"आई माझं तोंड रोज बघते. थेंब घालताना एवढ्या जवळून बघते. तिला आणखी एकदा मीच दाखवायची?"

"मग काय करायचं ते सांग."

आम्ही दुकानातून बाहेर पडलो. तो नांदेडला गेला. कॅमेरा कपाटात गेला. आई विचारत नव्हती. देगलूरहून परत आलेल्या दिवशी भावानं तिला सांगून टाकलं होतं की फोटो मिळाला, आता फ्रेम. ती रोज थेंब घालून घेताना मान वर करायची, आणि मला ती वाट बघत असल्याचं कळायचं.

मेमध्ये तपासणी झाली. नळी आणखी अरुंद. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आईला ताटातली वाटी सापडणार नाही, पण लांबचं काही दिसेल, कारण लांबची वस्तू त्या भोकात पूर्ण मावते. ते खरं होतं. आई जवळचा तांब्या चाचपडायची आणि समोरच्या गच्चीवर कोणत्या रंगाची साडी वाळतेय ते सांगायची.

त्यावरून मला फ्लेक्स सुचला. चौकातला फ्लेक्स जवळ जाऊन बघितला तर नुसते ठिपके असतात. चार पावलं मागं सरकलं की चेहरा. स्टुडिओतल्या पडद्यावरचा डाग लांबून बघितला तर तो अक्का होत होता, हे मी स्वतः अनुभवलं होतं. मग दाराएवढा डाग करायचा आणि आईला लांब बसवायचं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "कर. मी येतो लावायला."

फ्लेक्सच्या छापखान्यात निकालाची गर्दी होती. जमिनीवर चेहरेच चेहरे पसरलेले, लोक त्यांच्या कडेकडेनं चालत होते. यंत्रावरच्या माणसानं मी दिलेला अक्काचा फोटो उघडला.

"कोनता क्लास?"

"क्लास नाही."

"टक्के किती टाकायचे?"

"काही टाकायचं नाही. नावही नाही. फक्त चेहरा."

"नाव न्हाई तर लोक वळखनार कसे, मॅडम?" तो म्हणाला आणि पुढच्याला फाइल मागू लागला.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी मिळाली. घरी उलगडली तेव्हा दिसलं, अक्काच्या मागं त्यानं निळा रंग भरला होता आणि कडेनं पिवळी पट्टी. करडा कागद मळकट दिसला असेल, किंवा हातालाच सवय. सीझनमध्ये पुन्हा छापायला तो चार दिवस लावणार होता. भाऊ रजा काढून आला होता. मी म्हटलं, राहू दे, चेहरा तर तोच आहे.

समोरच्यांना विचारून त्यांच्या गच्चीच्या भिंतीवर, सकाळी, ऊन यायच्या आधी, भावानं फ्लेक्स बांधला. आमच्या गच्चीवर खुर्ची टाकली. भाऊ परत येऊन खुर्चीजवळ उभा राहिला आणि बघितलं. त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. मग मीही बघितलं. अक्का होती. मान कलती, आत्ता वळेल अशी.

आईला हाताला धरून आणलं. काही सांगितलं नाही. तिला आपण होऊन ओळखू द्यायचं असं आमचं ठरलं होतं. भावानं खुर्ची जरा मागं ओढली, जरा डावीकडे, मग आईची हनुवटी धरून तोंड समोर केलं. ती डोकं हलवत हलवत नळी जुळवत होती. मग थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"दिसलं का, आई?" भावानं विचारलं.

"हाव. दिसलं की."

"काय दिसलं?"

"पोरगी हाय." ती आणखी थोडी पुढं वाकली. "गोड हाय. कुनाची रे? कितवी आली?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं असतं तर तिनं पुन्हा बघितलं असतं, आणि कदाचित ओळखलंही असतं, किंवा ओळखल्यासारखं केलं असतं. पण आपण आधी ओळखलं नाही, आपल्या लेकीला परकी म्हणालो, हेही तिच्याकडे राहिलं असतं. भावानं हातानंच मला नको म्हटलं.

"पहिली आली," तो म्हणाला.

"बघ. हितलीच का भाइरची?"

"देगलूरकडची."

"म्हंजे आपल्याकडचीच की." आई खूश झाली. खुर्चीच्या हातावर हात फिरवत बसली. मग मला म्हणाली, "तिची माय आली आसंल निकालाला. कुठं उतरलीय इचार. जाऊन खणानारळानं वटी भरून ये तिची. म्हनावं, पोरगी सोन्यावानी काढलीस. लई सोसलं आसंल तिनं."

"बरं," मी म्हटलं.

"न्हाई, बरं म्हनतीस आन ऱ्हाऊन जातं. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं.

भावानं दुपारच्या आत फ्लेक्स सोडून आणला. इकडे जुन्या फ्लेक्सचं काहीतरी होतंच, कुलरवर झाकण, लाकडावर पांघरूण, पावसात ओसरीला आडोसा. हा कशालाच वापरता येईना. रात्रीच्या गाडीनं तो नांदेडला गेला. फ्रेमचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि आईनंही फोटोचं कधी विचारलं नाही. तिला काय कळलं होतं, मला सांगता येणार नाही. दिवाळीपर्यंत डावा डोळाही गेला.

कॅमेरा चांगला निघाला. मी शाळेच्या सहलींना तो पुष्कळ वापरला. कुणी विचारलं की कोणता घेऊ, तर मी सांगायची, मेगापिक्सेलच्या मागं लागू नका, काच बघा, सेल बघा, हातात बसतो का बघा. लोक ऐकायचे आणि जास्त मेगापिक्सेलचा घ्यायचे.

आई मात्र ते काम विसरली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी विचारायची, "जाऊन आलीस का गं त्या बाईकडं?" मी म्हणायची, राहिलंय, जाते. एका गुरुवारी मी खण आणला, नारळ आणला, तांदूळ ताटात घेतले आणि तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. विधवेची ओटी भरत नाहीत. खण हाताला लागला असता तर तिनं पहिला प्रश्न हाच विचारला असता, माही कामून भरतीस? आणि मग तिला सगळंच सांगावं लागलं असतं.

मी ताट घेऊन परत स्वयंपाकघरात आले. नारळ दोनदा बदलला आहे. खण कपाटात आहे. ओटी भरायची राहिली आहे.